मारिओंच्या माणसांना भेटायला: कुडाळ ते लोटली

जुलैच्या अखेरीस, किनाऱ्यांवर लाल बावटे लागलेले असताना आम्ही गोव्याला गेलो ते व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं बघायला. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्याने फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून उभी हयात काढली. हापिसात येणारं इंग्रजी साप्ताहिक इलस्ट्रेटेड वीकली साहेबांच्या टेबलावरून फिरत फिरत तिच्या हाती पडायचं आणि ती आधी मारिओंची चित्रं शोधायची. या माणसाचं गाव एकदा बघायचं, हे तिच्या मनात फार वर्षांपासून होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती पुन्हा नीट चालायला लागली तशी मी रजा टाकली.

गाव आमचं कुडाळकडचं. त्यामुळे थेट मडगावला न उतरता कुडाळपासून खाली सरकत जायचं ठरवलं, आणि ते फार बरं झालं. चित्रातून गोष्ट सांगायची इथली जुनी रीत आधी डोळ्यांखालून गेली, मग मारिओ समोर आले.

पहिला दिवस: पिंगुळी आणि सावंतवाडी

मांडवी एक्सप्रेसने आदल्या संध्याकाळी कुडाळला उतरलो होतो. सकाळी रिक्षाने पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर आदिवासी कला आंगण गाठलं. हे संग्रहालय गंगावणे कुटुंबाने घरच्या गोठ्यात उभं केलं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पिंगुळीचं नाव पेपरात आलं, पण चित्रकथी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा तिला आश्रय होता.

चित्रकथीत चित्रांची पोथी असते. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा सुट्या पानांची. कथेकरी एकेक पान उभं धरतो, गातो, आणि प्रसंग संपला की पान बाजूला. रामायण-महाभारतातल्या गोष्टी, सोबतीला हुडूक, टाळ आणि वीणा. पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की गाणाऱ्या तरुणाला आवाज चढवावा लागत होता. रावणाचं पान त्याने समोर धरलं आणि आत्या खुर्ची पुढे ओढून बसली. चेहरा एका बाजूने काढलेला, डोळा मात्र टपोरा, सबंध चेहऱ्यावर राज्य करणारा. मारिओंच्या माणसांचे वाटोळे डोळे माझ्या मनात होतेच. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण डोळे मोठे काढले की माणूस बोलायला लागतो, हे तिथे बसल्या बसल्या पटलं.

पिंगुळीला जायचं तर आधी फोन करून जा. माणसं घरचीच आहेत. आयत्या वेळी गेलात तर संग्रहालय बघायला मिळेल, पण कथा ऐकायची असेल तर वादक जमावे लागतात. चित्रं विकतही मिळतात. घासाघीस करू नका.

दुपारी सावंतवाडी. मोती तलाव काठोकाठ भरलेला, पाणी चहाच्या रंगाचं. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवायचं काम चालतं ते पाहिलं. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा असतो. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यात एक राजा आणि एक प्रधान. ही कला जवळजवळ बुडाली होती, ती गेल्या शतकात राजघराण्याने, विशेषतः सत्वशीलादेवी भोसले यांनी, पुन्हा उभी केली. एक बाई रुपयाहून थोड्या मोठ्या गोल पानावर कासव रंगवत होत्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "श्वास सोडताना रेघ ओढायची. घेताना नाही, हात हलतो." हे वाक्य मला पुढे गोव्यात सारखं आठवत राहिलं.

रात्री कुडाळला वहिनीकडे मुक्काम. श्रावण तोंडावर आलेला, त्यामुळे भाजलेले सुके बांगडे, टाकळ्याची भाजी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी असा बेत होता. या दिवसांत मासेमारीची बंदी असते, ताज्या मासळीची आशा धरून येऊ नये. पण सुक्या मासळीचं जेवण खरं लागतं ते असा पाऊस पडत असतानाच.

दुसरा दिवस: पर्वरी, तोर्डा, पणजी

सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा असा रस्ता. पेडण्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला बायका पानांच्या पुड्यांत अळमी घेऊन बसल्या होत्या. वारुळांवर उगवणारी ही रानातली अळंबी पावसाळ्यात थोडेच दिवस मिळते आणि तिचा भाव ऐकून आत्याने पदराची गाठ घट्ट केली. मग घेतलीच एक पुडी. पणजीत ज्यांच्याकडे उतरलो त्या बाईंनी ती नारळाच्या वाटणात करून दिली. सगळ्या प्रवासातला सगळ्यात चांगला घास तो.

पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे गाडी बराच वेळ अडकली. तिथून आत वळून तोर्ड्याला गेलो. इथे वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेलं हाउसेस ऑफ गोवा हे संग्रहालय आहे. रस्त्याच्या मधोमध, त्रिकोणी, जहाजासारखं. आत गोव्याच्या घरांची दारं, खिडक्या, कौलं, फरशा. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी आत्याने हाताने चाचपून पाहिली. त्याच परिसरात मारिओंच्या चित्रांचं दालन आहे. मारिओंचं विखुरलेलं काम गोळा करून ते पुस्तकांतून आणि छापील प्रतींतून लोकांपर्यंत नेण्याचं मोठं श्रेय द कुन्हा यांना जातं.

आता थोडं मारिओंविषयी. जन्म २ मे १९२६, दमणला. घराणं मडगावजवळच्या लोटली गावचं, मूळचे सारस्वत सरदेसाई, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. लहानपणी हा मुलगा घरच्या भिंती रंगवून ठेवायचा, तेव्हा आईने कोरी वही आणून हातात दिली. शाळेत पाद्र्यांची चित्रं काढल्याबद्दल बोलणी खाल्ली. पुढे मुंबईला झेवियर्समध्ये इतिहास घेऊन बीए, मग वास्तुकलेचं शिक्षण सुरू करून सोडून दिलं, मग जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी. तिथून वीकली आणि टाइम्सचा परिवार. गुलबेंकियन प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती घेऊन लिस्बनला गेले, तिथून लंडनला आणि तिथे पाच वर्षं राहिले. परत आले ते पुन्हा मुंबईलाच. टाइम्समध्ये आर. के. लक्ष्मण सहकारी होते.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या रोजनिशा. तरुणपणी मारिओ रोज दिवसभराचं चित्र काढून ठेवायचे. कोण भेटलं, कुणाच्या लग्नात कोण नाचलं, बसमध्ये कोण झोपलं होतं. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिशा पुस्तकरूपाने आल्या आहेत, त्यांची पानं इथे चाळायला मिळतात. तेव्हा ना वीकलीतलं काम होतं ना नाव. वाचणारे फार तर घरचे आणि मित्र. तरी पान चुकत नाही. मारिओंच्या चित्रांना लोक गंमतीदार म्हणतात आणि तिथेच थांबतात, याचं मला वाईट वाटतं. विसाव्या शतकातल्या गोव्याची माणसं कशी उभी राहायची, कशी भांडायची, छत्री कशी धरायची, पाद्री चालताना झगा कसा उचलायचा, याचा इतका बारीक दस्तऐवज दुसऱ्या कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही.

आम्ही आत शिरलो आणि थोड्याच वेळात वीज गेली. बाहेर विजा चमकत होत्या, आत अंधार. दालनातल्या मुलीने सांगितलं, यायला वेळ लागेल, हवं तर मोबाइलची बॅटरी लावून बघा. आम्ही तसंच केलं.

एका मोठ्या काळ्या-पांढऱ्या चित्रासमोर उभ्या राहिलो. गावातला बाजार. उजेडात ते बघताना डोळा सगळ्या गर्दीवरून घसरतो आणि आपण 'छान' म्हणून पुढे जातो. बॅटरीचा उजेड मात्र हाताच्या पंजाएवढाच पडत होता, त्यामुळे एका वेळी एकच माणूस दिसायचा. आधी मासेवाली, कमरेवर हात. उजेड सरकवला तर तिच्याशी हुज्जत घालणारा सुटाबुटातला भाटकार म्हणजे जमीनदार, टाय वाऱ्यावर उडालेला. त्याच्या मागे छत्रीच्या दांड्याला पिशवी अडकवलेला पाद्री. वर माडाच्या शेंड्याला लटकलेला, नारळ पाडणारा पाडेली, तो खाली बघतोय. तो कुणाकडे बघतोय म्हणून उजेड खाली आणला, तर खिडकीत उभी राहून केस विंचरणारी मुलगी. त्या मुलीकडे रस्त्यावरचा एक व्हायोलिनवालाही बघतोय. आणि या सगळ्यांच्या पायांत पाठ खाजवणारं कुत्रं.

"ह्या कुत्र्याक बघ गो," आत्या म्हणाली, "त्याका कोणाचीच पडलेली नाय."

कुत्रे आणि कावळे मारिओंच्या चित्रांत हटकून असतात. आत्याने उरलेल्या सगळ्या चित्रांत ते शोधायचा सपाटा लावला. वीज आल्यावरही आम्ही बॅटरी चालूच ठेवली.

मग तिला हवं ते चित्र सापडलं. साहेब, त्यांची सेक्रेटरी मिस फोन्सेका आणि कारकून गोडबोले. मुंबईच्या हापिसांतली ही पात्रं मारिओंनी रंगवली, शिवाय सिनेमातली रजनी निंबूपाणी आणि मंत्री बंडलदास. आत्या गोडबोलेसमोर हसत उभी होती. "ह्यो बघ आमचो गोडबोले! आमच्या हापिसात असोच एक होतो. साहेब आत आला की फायल पुढे धरूची आणि मागे चहा." मी विचारलं, मिस फोन्सेकाचं असं चित्र बघून तेव्हा राग नाही यायचा? ती स्वतः टायपिस्ट, आणि चित्रात सेक्रेटरीचे ठिपक्यांचे तंग कपडे. आत्या जरा विचार करून म्हणाली, "तिच्याकडे नीट बघ. सगळ्या हापिसात काय चाललंय ते फक्त तिलाच ठाऊक असतं."

मी पुन्हा पाहिलं. तिचं म्हणणं खरं होतं. साहेब फुगलेला, गोडबोले वाकलेला, सरळ उभी ती एकटीच. तरीही आजच्या नजरेने या बायकांच्या चित्रांतलं काही खटकतं, हे मी आत्यालाही सांगितलं. लोटली, बाजार, लग्न, चर्चचं फेस्त या चित्रांत मारिओंचा हात जितका मोकळा आहे तितका हापिसातल्या पात्रांत नाही, असं माझं मत झालं.

इथे चहाचे मग, फरशा, चुंबकं, पिशव्या असं बरंच विकायला आहे. शक्यतो छापील प्रत घ्या. मारिओंची गर्दी मगावर मावत नाही, त्यातला एखादाच माणूस कापून घ्यावा लागतो आणि मग तो कुणाशी भांडत होता तेच कळत नाही. प्रत गुंडाळून नळकांड्यात घालून मागा आणि पावसाळ्यात वरून प्लास्टिक लावून घ्या. संग्रहालय आणि दालन यांच्या वेळा व सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

संध्याकाळी पणजीच्या मार्केटात गेलो. तिथे भिंतींवर मारिओंची मोठी चित्रं आहेत. खाली खरा बाजार. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, सोलं, तांबड्या मिरच्यांचे ढीग, आणि भाव सांगताना हात हवेत फेकणाऱ्या बायका. एका बाईकडून किस्मूरसाठी, म्हणजे सुक्या मासळीच्या कोशिंबिरीसाठी, सुंगटं घेतली. मी वरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, ही तुम्हीच का? तिने मान वर केली, चित्रातल्या बाईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "न्हय, ती म्हारग विकता," म्हणजे महाग. आणि माझ्या पिशवीत मूठभर सुंगटं वर टाकली.

तिसरा दिवस: लोटली

मुक्काम पणजीच्या मळा भागात होता. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला. टोपलीत उंडे, पोई, काकणां, सगळे पावाचेच प्रकार. मारिओंनी कितीदा तरी हा पाववाला काढला आहे. गरम पोईला लोणी लावून खाल्लं आणि कदंब या गोव्याच्या सरकारी बसच्या स्टँडवर गेलो. मडगावच्या शटलचं तिकीट गाडीत चढायच्या आधी खिडकीवर काढावं लागतं. रांग मोठी दिसली तरी ती भराभर सरकते.

मडगावहून लोटली दहा किलोमीटरच्या आसपास. बस आहे, पण पावसात आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर जायची-यायची रिक्षा ठरवा, परतीला गावात रिक्षा मिळेलच असं नाही. आमचे रिक्षावाले साठीचे होते, मराठी नाटकांचे नादी. फोंड्याच्या जत्रांमधल्या नाटकांच्या आठवणी सांगत त्यांनी गाडी हाकली. दोन्ही बाजूंना शेतं लावणी झालेली, हिरवी. मध्येच बगळ्यांची रांग.

लोटलीचं चर्च साल्वादोर दो मुंदो, पांढरंशुभ्र, समोर मोकळं आवार. मिरांडांचं घर तिथून जवळच. तीनशे वर्षांच्या घरात असलेली ही वास्तू. श्याम बेनेगल यांनी त्रिकाल हा चित्रपट याच घरात चित्रित केला. घर खासगी आहे, लोक राहतात, पर्यटकांसाठी खुलं नाही. फाटकाशी कुणीतरी दिसलं म्हणून रिक्षावाल्यांनी विचारून पाहिलं. "भितर वचूंक मेळना, भायल्यान पळयात," असं उत्तर आलं, तेही हसून. ते बरोबरच आहे. आम्ही रस्त्यावरून पाहिलं. उतरतं कौलारू छप्पर, खिडक्यांची लांबलचक रांग, भिंतीवर पावसाचं शेवाळ, आणि आवारात भिजत बसलेलं एक करडं कुत्रं. त्याला बघून आत्याने माझा दंड दाबला.

इथेच मारिओ लहानाचे मोठे झाले आणि पत्नी हबीबा यांच्यासोबत अखेरची वर्षंही इथेच राहिले. ११ डिसेंबर २०११ रोजी याच घरात गेले. पद्मश्री १९८८ साली आणि पद्मभूषण २००२ साली मिळालं होतं, पद्मविभूषण २०१२ साली मरणोत्तर. दहन व्हावं अशी त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे मडगावात ते झालं.

घर बंद म्हणून लोटली वाया गेलं असं समजू नका. गावात फिगेरेदो घराण्याचं जुनं घर बघता येतं, आधी विचारून जावं. जांभ्या दगडात कोरलेली संत मीराबाईची आडवी भव्य मूर्ती बिगफुट या संग्रहालयाच्या आवारात आहे. महेंद्र आल्वारिस यांनी ती १९९४ साली तीस दिवसांत कोरली. पावसाने दगड काळपट तांबडा झाला होता आणि मीरेच्या बोटांमधून पाणी वाहत होतं. आत्याला ती फार आवडली.

पण खरं लोटली आम्हाला एका छोट्या दुकानात भेटलं. पाऊस वाढला म्हणून आडोशाला शिरलो. पुढे किराणा, मागे दोन बाकांची ताव्हेर्न, म्हणजे छोटा गुत्ता. भर दुपारी तिथे तिघं बसलेले. एकजण पेपर मोठ्याने वाचत होता, दुसरा प्रत्येक बातमीवर 'ना ना' म्हणत मान हलवत होता, तिसरा झोपला होता. मालकीणबाई काउंटरवर कोपर टेकून पावसाकडे बघत होत्या. त्यांनी आम्हाला न विचारता दोन स्टुलं पुढे केली आणि आत्याला विचारलं, गुडघा दुखतोय का. कुठून कळलं कोण जाणे. मग चहा आला, चहाबरोबर बोलिन्हा ही नारळाची बिस्किटं, आणि बाई सांगायला लागल्या. मारिओ गावात असले की चालत दिसायचे, आवाज हळू, कुणाला दुखावणारं बोलायचे नाहीत. "आमकां सगळ्यांक काडल्यात तांणी," असं म्हणून त्यांनी झोपलेल्या माणसाकडे बोट केलं, "हाकायूय."

तो माणूस डोळे न उघडता म्हणाला, "म्हजें नाक व्हड काडलें."

आत्या हसली, मालकीणबाई हसल्या, पेपर वाचणाराही थांबून हसला. गावातल्या माणसांना आपलं मोठं नाक काढलेलं चालतं, ते कौतुकाने सांगतात, यात मारिओंच्या रेघेबद्दल सगळं आलं. ते माणसांच्या वर उभे राहून बघत नाहीत. बाकावर त्यांच्या शेजारी बसून बघतात.

पाऊस ओसरल्यावर निघालो. संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या होती. स्टेशनवर जाण्याआधी मार्केटजवळच्या खाणावळीत किस्मूर, आळूचं फदफदं आणि भात जेवलो. कोकणकन्येचं बुकिंग पावसाळ्यातही लवकर भरतं आणि पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, सुटण्याची वेळ तिकिटावर तपासून घ्या.

मुंबईकरांना एवढ्या लांब जमत नसेल, तर कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती मारिओंनीच रंगवल्या आहेत. दुपारची जेवणं उरकल्यावर जा, गर्दी कमी असते. भिंतीकडे तोंड करून बसायला टेबल मागा, आणि सगळं एकदम बघू नका. डावीकडच्या कोपऱ्यापासून सुरू करा, एकेक माणूस घ्या.